ओळख द्यायला माणूस हवा

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आहे. नवराबायको दोघंही नोकरी करतात, मुलगी लहान आहे, तेव्हा घरी दिवसभर कोणीतरी हवं. परवा जिन्यात गाठ पडली तेव्हा त्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "दीदी, तुमच्याकडे पूर्वी एक एल्फ यायची म्हणे. कशी होती? विश्वासाची होती का?"

मी म्हटलं, "ती विश्वासाची होती की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आम्ही विश्वासाचे नाही, याबद्दल मात्र तिची खात्री होती."

बाई हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी अजिबात थट्टा करत नव्हते. वेलामावशीइतकं संशयी माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ती तर माणूसही नव्हती.

तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त तिच्या लोकांनाच धड म्हणता यायचं. आमच्या कोणा पूर्वजानं ते तोडून वेला केलं आणि पुढच्यांनी त्याला मावशी जोडलं. माझे आजोबा तिला मावशी म्हणत, बाबा मावशी म्हणत आणि मीही मावशीच म्हणत आले. आजोबांच्या मुंजीच्या फोटोत ती मागे उभी आहे. माझ्या लग्नाच्या फोटोतही मागेच उभी आहे. दोन्हीकडे चेहरा तोच, चाळिशीतल्या सडपातळ बाईचा, आणि नजरही तीच. हा फोटो काढणारा आता आपल्याकडे काय मागणार, याचा अंदाज घेणारी.

सरकारी भाषेत त्यांना एल्फ म्हणतात, आमच्या घरांमध्ये टोककाने, आणि बाजारात नुसतं 'ए कानवाली'. तीन-साडेतीनशे वर्षं जगतात, आणि लोकांचा सगळा राग त्याच्यावरच आहे. एकदा घर एल्फच्या हातात गेलं की आपल्या नातवंडा-पतवंडांना ते परत मिळायचं नाही, असं म्हणतात. म्हणून घर, दुकान, शेत, काहीही त्यांच्या नावावर होत नाही. साधी भाड्याची खोली हवी तरी माणसाची ओळख लागते. दरवर्षी दिवाळीनंतर एल्फनं पोलीस ठाण्यात हजर व्हायचं, आणि ज्या घराशी तिचं नाव जोडलेलं आहे त्या घरातल्या सर्वांत मोठ्या, रक्ताच्या माणसानं साहेबासमोर उभं राहून तोंडानं सांगायचं, 'मी हिला ओळखतो.' तेवढं झालं की वर्षभर चिंता नाही. माणूस आलाच नाही, तर खोली सोडून शहराबाहेर, कुंडमच्या पलीकडे एल्फांच्या वस्तीत जायचं. तिथे जंगल आता नावापुरतं उरलं आहे, पाणी टँकरचं येतं, आणि एकदा तिकडे राहायला गेलेल्या एल्फला शहरात पुन्हा बिऱ्हाड करू देत नाहीत.

त्यात माणसं मरतात. त्यामुळे त्या बिचाऱ्यांना दर तीस-चाळीस वर्षांनी नवा माणूस राजी करावा लागतो. वेलामावशी आमच्या घरात अशी हातोहात येत बाबांपर्यंत पोचली होती.

ती नर्मदेकाठी ग्वारीघाटाजवळ एका खोलीत राहायची आणि घरोघर जाऊन गोधड्या शिवायची. डोक्यावर कानटोपी. एल्फनं शहरात कान झाकायचे असा कायदा नाही, पण रिवाज कायद्याहून पक्का आहे, कारण त्यांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. जबलपूरच्या मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, ती ओसरीवर कानटोपी घालून बसलेली असायची. टोपीतूनही तिला सगळं ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. तरी टोपी कानांवर असली की आम्ही मोकळेपणानं बोलायचो. आपलं समाधान किती थोडक्यात होतं पाहा.

गोधडीसाठी जुनी लुगडी-साड्या काढून दिल्या की ती आधी सगळ्या अंगणात पसरायची आणि घरातल्या बाईला बोलवायची. प्रत्येक घडीत, प्रत्येक काठात त्या बाईनं स्वतः हात घालून पाहायचा. पिन, नाणं, काही राहिलं असेल तर आत्ताच काढून घ्या. त्याशिवाय कात्री लावायची नाही. आणि संध्याकाळी निघताना उंबऱ्याबाहेर उभं राहून पिशवी उलटी करायची. सुया, दोऱ्याची रिळं, सुपारीचा डबा, सगळं जमिनीवर. मग पदर झटकायचा, कमरेची चंची उघडून दाखवायची आणि म्हणायचं, "पाहून घ्या."

माझी आई नागपूरची. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर हा प्रकार झाला. तिच्या माहेरी एल्फ फारसे नव्हतेच. तिला रडू आलं. ती म्हणाली, "मावशी, मी तुमच्यावर कधी संशय घेतला? मी तर काही म्हटलंच नाही."

मावशी एकेक रीळ पिशवीत भरत म्हणाली, "तू नाही म्हनलीस, ते खरं आहे. पर उद्या चमचा नाही सापडला तर काय म्हनशील, ते तुलेही ठाऊक नाही. मी उद्याचं बोलून राहिली, सूनबाई."

'मी उद्याचं बोलून राहिली' हे तिचं नेहमीचं. कोणी गोड बोललं की हे. कोणी पेढा दिला की आधी "काहून?" असं विचारायची, आणि कारण पटलं तरच खायची. परीक्षेत पास झाले म्हणून मी तिला बर्फी दिली, तर तिनं आईला हाक मारून खात्री करून घेतली की बर्फी मला घरातूनच मिळाली आहे आणि ती तिला द्यायला मला कोणी मना केलेलं नाही. तोवर बर्फी माझ्या हातात मऊ होऊन गेली.

आई मात्र हट्टी. मावशीचा चहाचा पेला अंगणातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, ते आईला खटकायचं. तिनं घरातल्या कपात चहा दिला तर मावशी कपाला हात लावेना. तडा गेला तर कोण बोलणी खाणार? तेव्हा आईनं एक युक्ती केली. घरातले सगळे कप काढून टाकले आणि सगळ्यांसाठी एकसारखे स्टीलचे पेले आणले, आजोबांसकट. कुठला पेला कोणाचा, ते कोणालाच कळू नये. आजोबा चरफडले, पण सुनेपुढे त्यांचं चालायचं नाही. आई जिंकल्यासारखी आठवडाभर घरात वावरली. मग एक दिवस भांडी पुसताना तिला दिसलं की एका पेल्याच्या बुडाशी सुईनं फुली ओरखडलेली आहे. मावशीनं आपला पेला ओळखू येईल अशी सोय करून ठेवली होती. उद्या कोणी भांडलं तर ती दाखवू शकणार होती की ती त्याच पेल्यातून प्यायली, दुसऱ्या कशाला तिनं तोंड लावलेलं नाही. आई त्या दिवशी जेवली नाही.

आता असं वाटेल की हा नुसता स्वभावाचा वाकडेपणा. मलाही वाटायचं, आमच्या मराठी मंडळानं तिचा सत्कार करेपर्यंत. गणेशोत्सवात कोणाच्या तरी डोक्यात आलं की जबलपुरात सर्वांत जुनं मराठी बोलणारं कोणी असेल तर ती वेलामावशी. आमची मुलं घरात मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, तेव्हा तिचा सत्कार करावा, म्हणजे मुलांसमोर आदर्श राहील. आदर्शाला बसायला मंडपाच्या कडेला, जनरेटरशेजारी स्टूल दिलं होतं. नाव पुकारलं, ती वर गेली, पाहुण्यांनी शाल घातली. लोक टाळ्या वाजवायला लागले तर तिनं माइक ओढून घेतला. मला वाटलं चार शब्द बोलणार. ती म्हणाली, "हे शाल मी मागितली नव्हती. ह्या साहेबानं मले आपल्या हातानं दिली. सगळ्यांनी पाहिलं का?" मंडप हसला. ती हसली नाही. तिनं पुन्हा विचारलं, "मागचे लोक, तुम्ही पाहिलं का?" पाहिलं, पाहिलं, असा ओरडा झाल्यावरच खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे सहकार्यवाह आमच्या दारात. जरा गडबड झाली, म्हणाले. ती शाल पाहुण्यांची होती, वेलाबाईंसाठी सुती पंचा आणला होता, चुकून अदलाबदल झाली. मावशी ओसरीवर दोरा ओवत होती. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. त्या नजरेत इतकं समाधान होतं की मी ते विसरू शकत नाही. "जा, मंडपातल्या लोकांले विचारून ये," ती म्हणाली, "त्यांनी काय पाहिलं ते." शाल तिनं दिली नाही.

आमच्या घरात तिच्या तोडीचं संशयी माणूस एकच होतं, माझे सदाकाका. बाबांचे धाकटे भाऊ. रेल्वेत हिशेब तपासायच्या खात्यात होते आणि निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी सुटली नव्हती. भाजीवाल्याच्या तराजूपासून पंचांगापर्यंत ते सगळं पडताळून घ्यायचे. मावशीबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. "ती बाई आपली वाट पाहून राहिली आहे," ते म्हणायचे. "आपण सगळे एकेक करून जाणार, ती इथंच. लास्ट में सब उसका. कागदावर नसेल, पण असेल." हे ते मावशी अंगणात असतानाच म्हणत, आवाज मुद्दाम न चढवता, कारण तिला ऐकू जाणार याची त्यांना खात्री असायची.

ते आले की मावशी आपली पिशवी उचलून आईजवळ नेऊन ठेवायची. ती आली की काका कपाटाची किल्ली खिशात चाचपायचे. दोघं एकमेकांवर अशी बारीक नजर ठेवून असत की कधी कधी वाटायचं, आमच्या घरात त्या दोघांशिवाय कोणी कोणाकडे नीट पाहतच नाही.

मग बाबा गेले. मावशी भेटायला आली, उंबऱ्याबाहेर बसली. आईचा हात धरला नाही, रडलीही नाही. मग विचारलं, "आता घरात मोठा कोन?"

"सदाभाऊजी," आई म्हणाली.

"मग झालं," मावशी म्हणाली, आणि उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती हातातल्या गोधड्या भराभर संपवायला लागली. ज्यांच्या अर्ध्या राहणार होत्या, त्यांची लुगडी परत केली.

आई स्वतः काकांकडे गेली, मीही सोबत होते. काका म्हणाले, "वहिनी, मैं क्यों जाऊँ? साहेबासमोर खोटं कसं बोलू? मी त्या बाईला ओळखत नाही. इतकी वर्षं बघून राहिलो, तिच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं? सांगा, तुम्ही ओळखता तिला?"

आई पदर सावरून उठली. तिच्या डोळ्यासमोर तो फुलीचा पेला असणार.

ओळखीच्या दिवशी मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून मावशीबरोबर ठाण्यात गेले. माझा काही उपयोग नव्हता, माझ्याहून मोठं रक्ताचं माणूस जिवंत होतं. आवारात एल्फ उन्हात ओळीनं उभे, आणि त्यांची माणसं सावलीत बाकांवर. कोणी मोबाइल पाहतंय, कोणी लवकर आटपा म्हणून शिपायाच्या मागे लागलंय. नाव पुकारलं की एक माणूस उठायचा, आत जायचा, ओळखतो म्हणायचा आणि आपल्या एल्फकडे न बघता स्कूटरकडे जायचा. मावशी शेवटून दुसरी होती. ती फाटकाकडे पाहतही नव्हती. तिचं गाठोडं बांधून झालं होतं, हे तिनं मला वाटेतच सांगितलं होतं.

तिचं नाव पुकारलं तेव्हा ई-रिक्षातून सदाकाका उतरले. गळ्यात मफलर, हातात काठी. मला वाटलं विरोध करायला आले. साहेबानं विचारलं, "इसे पहचानते हैं?" काका तिच्याकडे बघत राहिले, इतका वेळ की साहेबानं पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "हाँ. पहचानता हूँ." आणि बाहेर पडले.

मला तर हायसं वाटलं. पण मावशी त्यांच्या मागे जवळजवळ धावत गेली. "काहून?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काय पाहिजे तुले?"

"काही नको म्हटलं ना," काका म्हणाले आणि रिक्षात बसून निघून गेले.

मी म्हटलं, चला मावशी, जलेबी खाऊ. ती जागची हलेना. चेहरा उतरला होता. "तुझ्या बाबाले गोधड्या पाहिजे होत्या," ती म्हणाली. "तुझ्या आजोबाले घर राखाले कोनी पाहिजे होतं. त्याच्या बापाले पोरं सांभाळाले. सगळ्यांले काही ना काही पाहिजे होतं, मी दिलं. ह्याले काही नको म्हनते. नंदे, ज्याले काही नको, तो एक दिवस सगळंच मागते."

मी समजावलं, हसले, चिडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. ओळख मिळाली होती, वर्षभराची निश्चिंती होती, आणि ती आधी कधी नव्हती इतकी घाबरली होती. त्याच आठवड्यात तिच्या घरमालकाचा मला फोन आला की बाई खोली सोडून चाललीय, सामान घेऊन बस अड्ड्यावर गेलीसुद्धा.

मी स्कूटर तशीच काकांच्या घराकडे घातली. त्यांना म्हटलं, "काका, ती कुंडमला चालली. एकदा गेली की परत येता येणार नाही. तुम्हाला तिच्याकडून जे काही हवं असेल ते तिला सांगा, नाहीतर भांडण तरी काढा. तुमचा चांगुलपणा तिला सोसत नाही."

काका काठी घेऊन उठले. मग चपला शोधायला लागले. "चल," म्हणाले.

बस सुटायच्या बेतात होती. एल्फना मागची बाकं असतात, तिथल्या खिडकीत मावशी बसली होती, गाठोडं मांडीवर. काका खिडकीखाली उभे राहिले. तिला ते कधी नावानं हाक मारत नसत. "मावशी," ते म्हणाले, "खाली उतर."

"काहून?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. फळवाला, हमाल, मी. मग काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "माझी आई कशी होती?"

काका रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. बाबाही तेव्हा लहानच होते. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. फोटो उरला नव्हता. तिला पाहिलेलं जगात आता एकच कोणी होतं, आणि ती कानटोपी घालून बसच्या मागच्या बाकावर बसली होती.

मावशीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हे पाहिजे होतं तुले?"

"हो."

"मग ठाण्यातच काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू? पूरी ज़िंदगी नहीं पूछ पाया. तुझ्याजवळ कसं विचारायचं?" काका म्हणाले. टोककानीकडून आपल्या आईबद्दल ऐकायचं, तिच्यापुढे हात पसरायचा, हे त्यांना आयुष्यभर जमलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

कंडक्टर ओरडला, "अम्मा, जाना है कि उतरना है?" मावशीनं आधी गाठोडं खिडकीतून माझ्याकडे दिलं, गाठ नीट आहे ना ते मला बघायला लावलं, आणि मग खाली उतरली. इतक्या वर्षांत मी तिला तशी निर्धास्त पाहिली नव्हती. समोरच्याला काय हवं ते तिला कळलं होतं.

ठरलं ते असं. दर गुरुवारी काका आमच्याकडे येणार, ती शिवता शिवता सांगणार, आणि दिवाळीनंतर काका ठाण्यात उभे राहणार. काका खुर्चीवर, मावशी खाली पोत्यावर. तिनं सुरुवात केली ती त्यांच्या आईच्या लग्नापासून. ती भंडाऱ्याकडची होती. पहिल्या दिवशी मावशीचे कान पाहून घाबरली आणि दुसऱ्या दिवशी हात लावून पाहू का म्हणून विचारलं. हसताना तोंडावर हात धरायची. भाजीत मीठ विसरायची. नेसत्या लुगड्याच्या ओच्यात फुटाणे ठेवायची आणि काम करता करता खायची. काका हे सगळं हिशेब तपासल्यासारखं ऐकायचे. "मागच्या गुरुवारी हिरवं लुगडं म्हणाली होतीस, आज निळं म्हणून राहिली." "ते सणाचं. हे रोजचं." "अच्छा," काका म्हणायचे, आणि पुढे.

निघताना मात्र ते दर वेळी एकच विचारायचे. "जाताना तिनं माझं नाव घेतलं का?"

"तिथवर आपन अजून नाही आलो," मावशी म्हणायची.

मला तिचा संशय यायचा. वाटायचं, ही हे मुद्दाम राखून ठेवतेय. ज्या वर्षी काका ठाण्यात यायला कुरकुर करतील, त्या वर्षासाठी. मी तिला तसं विचारलंही, आणि तिनं नाही म्हटलं नाही. "हातातलं सगळं एकदम देऊन टाकलं, मग तो काहून येईन?" ती म्हणाली. आई एकदा तिच्यावर रागावली. "मावशी, सांगून टाका ना आता. भाऊजींचं वय झालं."

मावशीनं चकित होऊन पाहिलं. "सदूचं? परवा तर रांगत होता."

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की भरपूर वेळ आहे. आमच्या इतक्या पिढ्या तिनं पोचवल्या, आणि तरी आमचं आयुष्य केवढं असतं ते तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

दोनदा काका ठाण्यात उभे राहिले. तिसऱ्या दिवाळीच्या खूप आधी, एका सकाळी पोहे खाता खाता ते गेले. मी ग्वारीघाटाला जाऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "गुरुवारी येनार होता तो." मग माझ्यावरच खेकसली, "तुम्ही लोक सांगून काहून नाही जात?" आणि दार लावून घेतलं.

अस्थी विसर्जनाला काकांचा मुलगा अभय हैदराबादहून आलेला होताच. ग्वारीघाटाला फुलवाल्यांच्या रांगेच्या खाली एल्फनी उतरायचं नाही, असा नियम आहे. आम्ही पाण्याजवळच्या पायरीवर होतो, नाववाला नाव लावून उभा होता, आणि मावशी सरळ पायऱ्या उतरून आमच्यापर्यंत आली. भटजी मागे सरकले. फुलवाल्या वरून ओरडायला लागल्या. अभय माझ्या कानाशी म्हणाला, "दीदी, ये क्यों आई है? अब पहचान आपको देनी है, इसलिए?" मलाही तेच वाटलं. आता घरातल्या रक्ताच्या माणसांत सर्वांत मोठी मी होते. पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कलश खाली ठेव," ती अभयला म्हणाली. "मले त्याच्याशी बोलायचं आहे."

अभयनं कलश छातीशी धरला. "काहून? क्या बोलना है?"

"तू इथंच उभा राह," ती म्हणाली, "डोळे उघडे ठेवून पाहा. नाहीतर मग म्हनशील मी त्यात काही टाकलं."

मी अभयला खूण केली. त्यानं कलश पायरीवर ठेवला आणि हात बांधून अगदी जवळ उभा राहिला. मावशी समोर बसली आणि हलक्या आवाजात बोलायला लागली. मला वाटलं, एक वाक्य सांगेल आणि उठेल. पण ती मागच्या गुरुवारी जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. त्या वर्षी उन्हाळा कसा होता. आजीला पहिला ताप आला तेव्हा अंगणात काय वाळत घातलं होतं. वैद्य कुठून आणला. तिला मधलं काही गाळता येत नव्हतं. क्रमानं सांगितलं नाही तर ते खरं राहणार नाही, असं तिला वाटत असावं.

"भैया, देर हो रही है," नाववाला म्हणाला. "दूसरे लोग खड़े हैं." भटजींनीही घाई केली. अभय वाकला आणि कलश उचलला.

"अजून झालं नाही," मावशी म्हणाली.

"बस, मावशी," अभय म्हणाला, फार तुटकपणे नाही, आणि नावेत चढला. मीही चढले. नाववाल्यानं बांबू रोवून नाव लोटली.

ती उठली आणि एकेक पायरी उतरत पाण्यात आली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. शहरात एल्फ कधी आवाज चढवत नाहीत. तिचा मोठा आवाज आमच्या चार पिढ्यांत कोणी ऐकला नसेल. घाटावरची माणसं वळून पाहायला लागली, शेजारच्या नावा थांबल्या. मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं; दिवाळीनंतर मी ठाण्यात जाऊन उभी राहिले, पण ती आलीच नाही.

"सदू," ती ओरडली, "तुझंच नाव घेतलं होतं रे तिनं. बाकी कोनाचं नाही."